लेकीचं कॉलेज पाहायला: इंदूर आणि दिल्ली

पूर्वी मुलगी अठरा वर्षांची झाली की घरातली मोठी माणसं स्थळं पाहायला बाहेर पडत. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्हीही बाहेर पडलो, पण कॉलेजं पाहायला. लेकीची बारावी चालू होती. तिच्या वहीत पत्रिकांऐवजी प्रवेश परीक्षा, फी आणि ‘प्लेसमेंट’ यांचे रकाने आखलेले होते. मुहूर्त तेवढा रेल्वेच्या आरक्षणाने काढून दिला.

लेकीला व्हायचं आहे कन्सल्टंट. हा शब्द तिने पहिल्यांदा घरात उच्चारला, तेव्हा सासूबाई लसूण सोलत होत्या.

‘‘म्हणजे काय करतात गं?’’

‘‘कंपन्यांना सल्ला देतात, आजी. धंदा कुठे अडलाय, खर्च कुठे वाढलाय, ते शोधून सांगतात.’’

‘‘आणि हे शिकून बाहेर पडशील तेव्हा तू किती वर्षांची असशील?’’

‘‘एकवीस.’’

सासूबाईंनी लसणाची पाकळी परातीत टाकली. ‘‘एकवीस वर्षांच्या पोरीचा सल्ला कंपनी कशाला घेईल? सल्ला द्यायला केस पांढरे व्हावे लागतात.’’

आम्ही हसलो. हे मात्र हसले नाहीत. त्याचं कारण मला ठाऊक होतं, लेकीला अर्धवट ठाऊक होतं. आम्ही खेडचे, म्हणजे आजच्या राजगुरुनगरचे. यांनी बावीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात काम केलं. काही वर्षांपूर्वी तिथे तीन तरुण मुलं आली. स्वच्छ शर्ट, हातात लॅपटॉप, बोलणं गोड. दीड महिना ती कारखान्यात फिरली, आकडे गोळा केले आणि निघून गेली. पुढच्या तिमाहीत यांच्या विभागाचं काम बाहेर द्यायचं ठरलं. यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्या पैशातून बाजारात खतं-बियाण्यांचं दुकान टाकलं. दुकान बरं चाललंय, तक्रार नाही. पण आपली लेक त्या तिघांसारखी होणार, हे ऐकून माणूस गप्प होणारच.

तरीही ‘‘जाऊन बघून येऊ,’’ असं पहिल्यांदा तेच म्हणाले.

मेळाव्यातला धडा

जाऊन बघायची गरज का पडली, तेही सांगते. पुण्यात शिक्षणसंस्थांचा एक मोठा मेळावा भरला होता. तिथल्या एका खाजगी संस्थेच्या मांडवात गुळगुळीत पुस्तिका हातात पडली. ‘शंभर टक्के प्लेसमेंट, नामवंत कन्सल्टिंग कंपन्या.’ फी वर्षाला काही लाख. लेक भाळली होती. सुदैवाने शेजारच्या आळीतला एक मुलगा तिथूनच बाहेर पडलेला निघाला. त्याला गाठलं. तो म्हणाला, ‘‘काकू, मलाही ‘कन्सल्टंट’ म्हणूनच घेतलं होतं. काम काय, तर फोनवरून विमा विकायचा.’’

त्या दिवशी लेकीने वहीत एक नवा रकाना आखला: ‘कोणती कंपनी येते हे नको, कोणत्या कामासाठी येते ते विचारणे.’ ज्यांची मुलं या वाटेवर आहेत, त्या आईबापांना मी सांगेन, बाकी काही नाही तरी एवढा रकाना जरूर आखा.

एरवी आपल्याकडे वाणिज्य शिक्षणाला तोटा नाही. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ सालचं. पुण्याचं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चं. शिवाय बीएमएस, बीबीए शिकवणारी कॉलेजं गल्लोगल्ली. राज्यात या अभ्यासक्रमांना २०२४ पासून सीईटीही लागू झाली. पण बड्या सल्लागार कंपन्यांचा हिशेब वेगळा. भारतात त्या आपली माणसं मुख्यतः जुन्या आयआयएम, हैदराबादची आयएसबी आणि आयआयटी इथून उचलतात. नुसत्या पदवीवर घ्यायची वेळ आली, की दिल्ली विद्यापीठातल्या मोजक्या कॉलेजांची दारं ठोठावतात. म्हणून लेकीच्या यादीत वर दोनच गावं उरली होती, इंदूर आणि दिल्ली.

इंदुरात उतरलो

दौंडहून इंदूरला जाणारी गाडी पुण्यावरून जाते. दुपारी बसलो, रात्री सुरत-बडोदा झोपेत गेलं आणि सकाळी रतलाम, उज्जैन करत इंदूर आलं. होळकरांचं गाव, त्यामुळे मराठी माणसाला इथे परकेपण वाटतच नाही. विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव, विद्यापीठालाही त्यांचंच. रिक्षावाल्याने आमचं बोलणं ऐकून ‘‘पुण्याचे का?’’ असं चक्क मराठीत विचारलं. त्याची आजी साताऱ्याकडची.

स्वच्छतेबद्दल ऐकलं होतं तेही खरं. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर पटकावत आलेलं हे शहर. सकाळी सातला कचरागाडी गाणं वाजवत दारात येते आणि बायका ओला-सुका कचरा वेगळा करून उभ्या असतात. यांनी रस्त्याकडे पाहून एकच शेरा मारला, ‘‘आपल्याकडं नुसते फलक लावतात.’’

राजवाड्यापाशी गेलो. सात मजल्यांचा तो दरवाजा मान वर करून पाहावा लागतो. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत वाड्याला आग लागली होती. पुढे तो पुन्हा उभा केला. मागच्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, जिलेबी. रात्री साडेदहाला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

पण माझ्या लेकीचा इंदुरातला खरा वर्ग भरला तो सकाळी, पोह्याच्या गाडीवर.

पोह्यांचं गणित

इंदूरचे पोहे आपल्यासारखे कढईत परतून वाढत नाहीत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांची परात ठेवलेली असते, त्यामुळे ते शेवटपर्यंत मऊ आणि गरम राहतात. वरून कांदा, शेव आणि जीरावन नावाचा मसाला. सोबत जिलेबी. आम्हाला संस्था दाखवायला आलेला मुलगा आमच्या ओळखीतल्यांचा, तळेगावचा. आयआयएममध्ये पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला होता. त्याने प्लेट हातात घेतली आणि लेकीला विचारलं, ‘‘तुला कन्सल्टिंगमध्ये जायचंय ना? मग सांग, इंदुरात रोज सकाळी पोह्यांच्या किती प्लेटा खपत असतील?’’

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण या कंपन्यांच्या मुलाखतीत असेच प्रश्न असतात म्हणे. उत्तर कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. उमेदवार विचार कसा करतो, ते पाहायचं असतं.

लेकीने कागदी रुमालावर गणित मांडलं. वस्ती तीस लाख धरू. एका घरात पाच माणसं, म्हणजे सहा लाख घरं. तिनातलं एक घर सकाळी बाहेरचे पोहे आणतं असं धरू, म्हणजे दोन लाख घरं. प्रत्येकी दोन प्लेटा. झाल्या चार लाख.

‘‘आता ताळा कर,’’ मुलगा म्हणाला.

ताळा करायला लेकीने थेट गाडीवाल्या काकांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘‘पाच परात, हर परात में अस्सी प्लेट.’’ म्हणजे एका गाडीवर चारशे. चार लाख प्लेटांना हजार गाड्या हव्यात. इंदूर महापालिकेचे वॉर्ड पंच्याऐंशी, म्हणजे वॉर्डामागे बारा गाड्या. आमच्या लॉजच्या गल्लीतच तीन होत्या. तेव्हा उत्तर अगदीच हवेतलं नव्हतं.

लेक खूश झाली. तेवढ्यात गाडीवाले काका झारा आपटत म्हणाले, ‘‘बिटिया, संडे को डबल होता है। और ग्यारस को आधा भी नहीं।’’

रविवार आणि एकादशी हिशेबात धरायच्याच राहून गेल्या होत्या. हे तेव्हा पहिल्यांदा बोलले, ‘‘बघ. ज्याची गाडी आहे, त्याला कागदाबाहेरचंही माहीत असतं.’’ स्वर साधाच होता, पण लेकीने रुमाल घडी करून वहीत ठेवला.

टेकडीवरची संस्था

शहराच्या दक्षिणेला राऊ लागतं. तिथून पीथमपूरच्या रस्त्याला वळलं की उजाड माळावर एक टेकडी दिसते. तीच इंदूरची आयआयएम. संस्था १९९६ सालची, आवार १९३ एकरांचं. पत्त्यातच ‘प्रबंध शिखर’ असं लिहितात. फाटकावर आमची नावं आधी कळवलेली होती म्हणून आत सोडलं. तसंच जाल तर बाहेरूनच परत यावं लागेल.

वळणावळणाचा रस्ता चढून वर गेलो. वसतिगृहं, वर्ग, ग्रंथालय सगळं एकाच आवारात. वारा भणाणत होता. खाली लांबवर पीथमपूरच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती. संध्याकाळी दिवे लागल्यावर लेकीच्या डोळ्यांतही दिवे लागले. हे स्थळ तिला पसंत पडलं होतं, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं.

इथला पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम २०११ साली सुरू झाला. बारावीनंतर आयआयएममध्ये थेट प्रवेश देणारा देशातला हा पहिलाच अभ्यासक्रम. नंतर रोहतक, रांची, जम्मू, बोधगया इथल्या आयआयएमनीही हा कित्ता गिरवला. पहिली तीन वर्षं गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि त्यांच्याबरोबर साहित्य, समाजशास्त्र, परदेशी भाषा. पुढची दोन वर्षं कॅट देऊन आलेल्या मोठ्या मुलांबरोबर एमबीएचा अभ्यास. कंपन्या नोकरीसाठी येतात त्या पाचव्या वर्षाच्या अखेरीला, आणि मोठ्या मुलांबरोबर यांनाही रांगेत उभं करतात. म्हणजे तेविसाव्या वर्षी हातात एमबीए. कन्सल्टिंगसाठी याहून सरळ रस्ता सापडणं कठीण.

‘‘गावाकडे जाता की नाही कधी?’’ यांनी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘जातो काका. सामाजिक संस्थेत जाऊन काम करावं लागतं. एमबीएची मुलं मध्य प्रदेशातल्या खेड्यांत जाऊन राहतात.’’ यांनी मान डोलावली.

अडलं ते फीपाशी. पाच वर्षांची फी, राहणं-जेवण धरून आकडा पस्तीस लाखांच्या पुढे जातो. गरजू मुलांना मदत मिळते आणि अशा नावाजलेल्या संस्थेसाठी मोठ्या बँका तारण न घेताही कर्ज देतात. यांनी तिथेच खिशातलं कॅल्क्युलेटर काढलं. दुकानदाराची सवय. पस्तीस लाख, नऊ टक्के व्याज, दहा वर्षं. महिना चव्वेचाळीस हजारांवर हप्ता. शिकतानाचं व्याज वेगळंच. खेडच्या वेशीबाहेर आमचा पाच गुंठ्यांचा तुकडा आहे. तो विकायचं यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, हे मला रात्री लॉजवर कळलं.

‘‘हप्ता म्हणजे दावं असतं,’’ मी म्हटलं. ‘‘उद्या तिला दुसरंच काही करावंसं वाटलं तर? तेविसाव्या वर्षी गळ्यात दावं घेऊन पोरगी हिंडेल कशी?’’

‘‘पण तिला आवडलंय,’’ हे म्हणाले. त्यावर मी काय बोलणार?

धुरकटलेली दिल्ली

इंदूरहून दिल्लीची गाडी पकडली. सकाळी नवी दिल्लीला उतरलो तर आभाळच नव्हतं. नोव्हेंबरातला तो करडा धूर. डोळे चुरचुरत होते. टेकडीवरच्या वाऱ्यानंतर हे म्हणजे श्रीखंडानंतर कडू काढा. दिल्लीत मुलं पाठवणाऱ्यांनी हीही गोष्ट ध्यानात धरावी, विशेषतः दम्याचा त्रास असेल तर.

मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने विश्वविद्यालय स्थानकात उतरलो. इथून नॉर्थ कॅम्पस सुरू होतो. एकाच परिसरात हिंदू, रामजस, हंसराज, दौलतराम अशी कॉलेजं. रस्त्यावर मोमोंच्या गाड्या, झेरॉक्सची दुकानं, भिंतींवर विद्यार्थी निवडणुकीचे फाटके कागद. जागोजागी चहाच्या टपऱ्यांवर वाद घालणारी पोरं-पोरी. टेकडीवर शांतता होती, इथे गजबज.

मॉरिस नगरमध्ये श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स आहे. दिल्ली क्लॉथ मिल्सचे उद्योगपती लाला श्रीराम यांनी स्थापन केलेलं. १९२६ साली दर्यागंजात कॉलेज सुरू झालं आणि १९५१ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. गंमत म्हणजे त्याच १९२६ साली अमेरिकेत शिकागोला जेम्स मॅकिन्झी नावाच्या हिशेबतज्ज्ञ प्राध्यापकाने आपली सल्लागार कंपनी काढली. आज जगातल्या बड्या कन्सल्टिंग कंपन्यांत तिचं नाव पहिलं घेतात. शंभर वर्षांपूर्वी या दोघांची एकमेकांना खबरही नव्हती. आज या कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी मॅकिन्झीचं नाव आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी क्रिकेटपटूंचं असावं तसं असतं.

२०११ साली याच कॉलेजाने बारावीत वाणिज्य न घेतलेल्या मुलांसाठी पहिली यादी शंभर टक्क्यांवर लावली होती. तेव्हा देशभर ओरड झाली. आता ते राहिलं नाही. २०२२ पासून सीयूईटी ही देशपातळीवरची परीक्षा आली आणि बारावीच्या टक्क्यांची शर्यत थांबली. आपल्या राज्य मंडळाच्या मुलांना ही चांगलीच संधी आहे. खेडची मुलगी आणि दिल्लीच्या बड्या शाळेतली मुलगी एकाच पेपरला बसतात.

टपरीवर लेकीने तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला गाठलं. ती नागपूरची निघाली, मग काय, माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. लेकीने वही उघडली.

‘‘कन्सल्टिंग कंपन्या खरंच येतात?’’

‘‘येतात. पण वर्गातल्या थोड्याच मुलांना घेतात. आणि नीट विचारून घे, ॲनालिस्ट कुठला? काही कंपन्या प्रत्यक्ष सल्ल्याच्या कामासाठी घेतात, काही गुरुग्राममध्ये बसून त्यांच्या इतर देशांतल्या लोकांना माहिती शोधून देण्यासाठी. दोन्ही कामं चांगली, पण वेगळी. पगार वेगळा, पुढची वाटही वेगळी.’’

‘‘मग निवड होते कशावर?’’

‘‘मार्क लागतातच. पण इथे मुलांचीच सल्लागार मंडळं असतात. छोट्या संस्थांना, बचत गटांना फुकट सल्ला देतात. त्या मंडळात शिरायलाच पहिल्या वर्षी मुलाखत असते. वादविवाद, स्पर्धा, सुट्टीतलं काम, सगळं धरतात.’’

‘‘आणि ज्यांना घेत नाहीत, त्यांचं काय?’’

हा प्रश्न लेकीच्या वहीत नव्हता. तो तिला तिथेच सुचला. नागपूरची मुलगी हसली. ‘‘मला नाही घेतलं. दुसऱ्या फेरीत गेले. आठवडाभर रडले. मग लक्षात आलं, मला हे काम हवं होतं की सगळ्यांना हवं म्हणून मला हवं होतं? आता मी अर्थशास्त्रात पुढे शिकणार आहे. घरी कर्ज नाही, त्यामुळे बाबा ‘शिक’ म्हणाले.’’

मी लेकीकडे पाहिलं. ती लिहायची थांबली होती.

मग यांनी घसा साफ केला. ‘‘बेटा, एक विचारू? तुम्हाला ते शिकवतात का, की कारखान्यात गेल्यावर कुणाशी बोलायचं?’’ आणि त्यांनी चाकणची ती गोष्ट पहिल्यांदा लेकीसमोर पूर्ण सांगितली. ‘‘ती मुलं वाईट नव्हती. हुशार होती. दीड महिन्यात त्यांनी माझ्या मशिनचे सगळे आकडे नेले. पण मशिन दर गुरुवारी का अडतं, ते मला एकदाही विचारलं नाही. मी सांगितलं असतं. बुधवारी रात्री त्याचं तेल बदलायचे, ते हलकं यायचं. एवढंच होतं.’’

टपरीवर क्षणभर कुणी बोललं नाही. चहावाल्याने ग्लास धुवायचा थांबवला होता. नागपूरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘‘काका, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.’’

सुखदेवांच्या दारात

दुपारी त्याच पिवळ्या मार्गाने पुढे रोहिणीला गेलो. तिथे सेक्टर सोळामध्ये शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज आहे. दिल्ली विद्यापीठाचंच, १९८७ मध्ये निघालेलं. आधी पूर्व दिल्लीत होतं, आता या नव्या इमारतीत. पदवीलाच व्यवस्थापन शिकवणारं हे कॉलेज. बीएमएस आणि वित्त विषयातलं बीबीए हे इथले मुख्य अभ्यासक्रम. इतिहासाची भव्यता नाही, नॉर्थ कॅम्पसची गजबज नाही, पण कन्सल्टिंग आणि बँकिंगच्या कंपन्यांत या कॉलेजाचं नाव आहे.

फाटकापाशी हे थबकले. पाटीवरचं नाव वाचत राहिले. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव. २३ मार्च १९३१ रोजी तिघे एकत्र फासावर गेले. त्यातल्या राजगुरूंचा वाडा भीमेच्या काठी आमच्या गावात. दर तेवीस मार्चला शाळेतून आमची रांग तिथे जायची. शिवरामहरींचं नाव आमच्या गावाने घेतलं आणि त्यांच्या सोबत्याचं नाव दिल्लीतल्या या कॉलेजाने.

‘‘इथं सोडताना काळजी कमी वाटेल,’’ हे म्हणाले. आता नावावरून कॉलेज ठरवतात का? मुळीच नाही. पण बापाचं मन कुठे गुंतेल, ते सांगता येत नाही.

बाकी हिशेब लेकीनेच केला. दिल्ली विद्यापीठाच्या अशा कॉलेजांत फी वर्षाला काही हजारांतच असते. खर्च राहण्याचा. खोली आणि जेवण मिळून महिन्याला पंधरा हजार धरले, तरी तीन वर्षांचे पाच लाख चाळीस हजार. फी, प्रवास, पुस्तकं धरून सात-आठ लाखांत पदवी. दुकानाच्या उत्पन्नात ओढाताण करून बसणारं. तोटाही तिने लिहिला: इथून कन्सल्टिंगचं दार अरुंद आहे आणि पुढे कधीतरी एमबीए करावंच लागेल. नव्या नियमाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष हवं असेल तर करता येतं.

परतीच्या गाडीत

परत येताना मथुरा मागे पडल्यावर लेक वरच्या बर्थवरून खाली आली. वही उघडून आमच्यामध्ये बसली.

‘‘टेकडी मला फार आवडली,’’ ती म्हणाली. ‘‘पण ती मला कन्सल्टंट व्हायचंय म्हणून आवडली. उद्या मला ते नको झालं, तर? त्या ताईसारखं? तिला मागे फिरता आलं, कारण तिच्या डोक्यावर काही नव्हतं. मी सतरा वर्षांची आहे, आई. मला एवढी खात्री नाहीये.’’

तिने क्रम लावला. पहिली दोन दिल्लीची, तिसरं इंदूर, मग पुण्या-मुंबईतली. यांनी वही वाचली आणि म्हणाले, ‘‘जमिनीचा विचार करू नकोस हं.’’

‘‘जमिनीचा नाही, बाबा. दाव्याचा करतेय.’’ लॉजवरच्या रात्री ती जागी होती तर!

मी हे इंदूरला कमी लेखायला सांगत नाही. ज्या मुलाचं मन पक्कं आहे, त्याच्यासाठी ती टेकडी उत्तमच. ज्यांना पैशाची अडचण नाही किंवा शिष्यवृत्ती मिळते आहे, त्यांनी तर जरूर जावं. पण ‘सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं?’ हा प्रश्न अपुरा आहे, हे आम्हाला हा प्रवास करून कळलं. ‘आपल्या मुलाचं मन बदललं, तरी जे कॉलेज त्याच्या कामी येईल ते कोणतं?’ असं विचारायला हवं. सतराव्या वर्षी पाहिलेली स्वप्नं पंचविसाव्या वर्षी किती जणांची टिकतात? तुमची टिकली होती?

पुढे काय झालं, तेही सांगून टाकते. लेकीने २०२५ च्या उन्हाळ्यात दोन्ही परीक्षा दिल्या. श्रीराम कॉलेजचा आकडा तिला गाठता आला नाही. रोहिणीत जागा मिळाली. ऑगस्टमध्ये यांनी तिला सोडलं, खोलीत पंखा नीट चालतो का ते तीनदा पाहिलं आणि निघताना एवढंच म्हणाले, ‘‘कुठंही काम कर, पण मशिनपाशी उभा असतो त्याला आधी विचार.’’

परवा तिचा फोन आला. मुलांच्या सल्लागार मंडळात तिची निवड झाली होती. पहिलं काम एका बचत गटाच्या लोणच्याच्या धंद्याचं. माल विकला जातो, पण हातात पैसा उरत नाही. आकडे सगळे मांडून झाले होते. आईबापाशी दोन मिनिटं बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘आजीला दे ना फोन. लोणचं किती दिवस मुरवायचं, मीठ कधी घालायचं, ते विचारायचंय. त्या बायका म्हणतात, अर्ध्या बरण्या खराब होतात.’’

सासूबाई अर्धा तास बोलत होत्या. फोन ठेवून त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, ‘‘पोरगी सल्ला द्यायला शिकतेय म्हणालात ना? ही तर घ्यायला शिकतेय.’’

जाणार असाल तर

तुमच्या घरीही अशी वही आखलेली असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

बारावीला गणित सोडू नका. दिल्लीचं बीएमएस असो वा अर्थशास्त्र, गणिताशिवाय दार उघडत नाही. इंदूरच्या परीक्षेत तर गणित आणि इंग्रजी हेच दोन खांब आहेत, आणि नंतर मुलाखत.

अर्ज बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर निघतात आणि तारखा दरवर्षी बदलतात. जानेवारीपासूनच संस्थांच्या अधिकृत सूचनांवर नजर ठेवा. फीचे आकडेही बदलतात, चालू वर्षाचे विचारून घ्या.

कॉलेजाचा प्लेसमेंट अहवाल पाहताना सगळ्यात मोठ्या पगाराच्या आकड्याला भुलू नका. सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले, ते विचारा. आणि किती मुलांना, कोणत्या कामासाठी घेतलं, तेही.

शेवटचं म्हणजे, आतल्या माणसाशी बोला. फाटकावरच्या पाटीशी किंवा पुस्तिकेशी बोलून काही कळत नाही. ज्याला हवं ते मिळालं त्याच्याशी बोला, आणि ज्याला नाही मिळालं त्याच्याशी तर नक्की बोला.

आणि इंदूरला गेलात, तर पोहे खायला सकाळी आठच्या आत पोचा. रविवारी मात्र गर्दी दुप्पट. हे आम्हाला गाडीवाल्याकडून कळलं.